रेझिनचा खडा बटणासारखा का दिसतो, आणि त्यात दगडपण कसं आणायचं

प्रश्न थोडक्यात असा की नाशिकच्या एक ताई वर्षभर रेझिनच्या कीचेन करतायत, वरमाला जपून ठेवायच्या फ्रेम करतायत, आता त्यांना खड्यासारखे दिसणारे दागिने करायचेत. लाजवर्द (लॅपिस लॅझुली), पेरोज (टर्क्वाइज), अकीक (अगेट), माणिक सगळं करून बघितलं पण प्रत्येक पीस "प्लास्टिकचं बटण" वाटतो असं त्या म्हणतात. कुठलं रेझिन घेऊ, रंग कुठले घेऊ, आणि प्रदर्शनात विकायला ठेवलं तर चालेल का, असे तीन प्रश्न आहेत. मी ठाण्यात ११ वर्षं हेच काम करतेय आणि पहिली दोन वर्षं माझेही पीस बटणंच होती, म्हणून सगळं नीट लिहिते, लांबेल पण वाचा.

ताई, तुमचं रेझिन बहुतेक ठीकच असणार. सगळे आधी रेझिनच बदलत बसतात, महागडी बाटली आणतात आणि पुन्हा तेच. खरा प्रश्न आहे की आपण कुठल्या दगडाची नक्कल करतोय आणि तो दगड आपण कधी नीट बघितलाय का. बहुतेकांनी फोटो बघितलेला असतो, फोटोत फक्त रंग दिसतो, मग रंग कालवतात आणि साच्यात ओततात. एकसारखा रंग, एकसारखी चकाकी, कडा गुळगुळीत, झालं बटण.

दगड निवडायचा तो कसा, तर शाळेत अपवर्तनांक शिकलो होतो आठवतंय का, प्रकाश एखाद्या वस्तूत शिरताना किती वाकतो त्याचा आकडा. एपॉक्सीचा, म्हणजे आपल्या दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनचा, साधारण १.५ ते १.५७ च्या मधे असतो. हिऱ्याचा २.४२, माणिक आणि नीलम १.७६ च्या आसपास. आता अकीक बघा, १.५४. अंबर १.५४. चंद्रकांत (मूनस्टोन) १.५२ च्या जवळ. लाजवर्द १.५. म्हणजे हे दगड आणि आपलं रेझिन प्रकाशाच्या बाबतीत जवळजवळ सख्खे भाऊ आहेत, आतून जी खोली दिसते, जो ओलसर भाव दिसतो तो रेझिनमधे येऊ शकतो. माणकाला पैलू पाडतात ते आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आपटून परत डोळ्यात यावा म्हणून, रेझिनचा आकडा कमी त्यामुळे तोच प्रकाश खालून बराचसा निसटून जातो आणि खडा मधोमध रिकामा, मेलेला दिसतो. कितीही चांगला लाल रंग आणा, पैलूचं माणिक रेझिनमधे होणार नाही. तुमची चूक नाहीये त्यात, सोडून द्या.

अगदी लाल खडाच हवा असेल तर जुन्या लोकांची युक्ती आहे, कुंदनकामात खड्याच्या मागे डांक लावतात ना, चकचकीत पातळ पत्रा, तसं करा. पैलू नकोत, घुमटासारखा गोल खडा, रंग अगदी पारदर्शक, आणि पाठीला चांदीच्या रंगाचा वर्ख किंवा फॉइल. नथीतले, ठुशीतले, केंपाचे म्हणून मिळणारे लाल खडे बघा, बरेचसे काचेचे असतात आणि तरी छान दिसतात, ती सगळी डांकेची करामत.

आता बघायचं कसं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार वापरतात ते, आणि मोबाइलचा टॉर्च. दगड हातात घेऊन टॉर्च मागून लावा, मग बाजूने लावा, मग पाण्यात बुडवून बघा. आपण महाराष्ट्रातले लोक याबाबतीत खूप नशीबवान आहोत, आपली बहुतेक जमीन डेक्कन ट्रॅपच्या बसाल्टची, लाव्हा थंड होताना त्यात जे बुडबुडे राहिले त्या पोकळ्यांमधे नंतर अकीक, स्फटिक, झिओलाइट भरत गेले. अजिंठ्याला लेण्यांबाहेर विकायला बसतात त्यांच्याकडे फोडलेले गोटे मिळतात (भडक निळे जांभळे असतील तर रंगवलेले असतात, ते नका घेऊ, साधा राखाडी पांढरा घ्या). पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींमधे कॅव्हन्साइट नावाचं इतकं निळं खनिज सापडलं की जगभरचे संग्राहक त्यासाठी वाघोलीचं नाव घेतात. मी पहिल्यांदा भिंगातून अकीकाचा काप बघितला तेव्हा लक्षात आलं की मी जे "पट्टे" काढत होते ते पट्टे नव्हतेच, ती भिंत होती. पोकळीच्या भिंतीला आतून थर चढत गेले, आधी बाहेरचा, मग त्याच्या आत दुसरा, मग तिसरा, म्हणून ते पट्टे वाकडेतिकडे असले तरी एकमेकांना कधी छेदत नाहीत, भिंतीचा प्रत्येक खड्डा पुढचा थर इमानदारीने पाळतो. टूथपिकने रंग ओढून असे पट्टे येत नाहीत. दगड ज्या क्रमाने तयार झाला त्याच क्रमाने रेझिनमधे तयार करायचा, मला ११ वर्षांत कळलेली हीच एक गोष्ट आहे, बाकी सगळं त्यातूनच येतं.

म्हणून अकीक असा करा. एक वाकडातिकडा, आतून खडबडीत वाटीसारखा सिलिकॉनचा साचा घ्या, नसेल तर खडबडीत दगडावर सिलिकॉन ओतून स्वतः करा. रेझिनमधे फ्यूम्ड सिलिका (रेझिन दाट करणारी अतिशय बारीक पावडर) घाला म्हणजे ते श्रीखंडाइतकं दाट होईल आणि भिंतीवरून ओघळणार नाही. या पावडरचा दुसरा फायदा असा की तिचा अपवर्तनांक १.४६, रेझिनपेक्षा थोडासा वेगळा, त्यामुळे रेझिन किंचित धुरकट होतं आणि अकीकाचा जो तो दुधाळपणा असतो ना तो आपोआप येतो, पांढरा रंग घालायची गरजच नाही. पांढरा रंग घातलात की मेलं. पहिला थर आतून ब्रशने किंवा आइस्क्रीमच्या काडीने चढवा, एक मिलिमीटर जाडीचा, थोडा तपकिरी. तो जेल झाला की दुसरा, थोडा फिका. मग एकदम पातळ गडद रेघेसारखा. थरांची जाडी मुद्दाम कमीजास्त ठेवा. सहासात थर झाले की मधली उरलेली जागा स्वच्छ रेझिनने भरा किंवा काचेचा चुरा घालून स्फटिकासारखी करा. दोन दिवसांनी बाहेर काढा आणि हॅक्सॉ ब्लेडने आडवे काप करा. प्रत्येक काप वेगळा निघतो, आणि पहिला काप घासून ओला केला की जे दिसतं त्यासाठी मी आजही हे काम करते.

जेल झाला म्हणजे काय हे नीट समजून घ्या, सगळा खेळ त्यावर आहे. ग्लोव्ह घातलेलं बोट टेकवलं तर ठसा उमटला पाहिजे पण रेझिन बोटाला येता कामा नये. त्याआधी दुसरा थर टाकला तर दोन्ही मिसळतात, फार उशीर केला आणि पहिला थर पूर्ण वाळला तर दोघांच्या मधे आरशासारखी एक रेघ दिसते आणि पुढे कधीतरी तिथूनच सुटतो. माझ्या रेझिनला २८ डिग्रीला साधारण अडीच तास लागतात, तुमच्या रेझिनचा वेळ वेगळा असेल, एका कागदी कपात थोडं वेगळं ठेवून दर अर्ध्या तासाने बघा आणि वहीत लिहा. उशीर झालाच तर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासून, पुसून मग पुढचा थर.

लाजवर्द. याला आपल्याकडे राजावर्त पण म्हणतात. सगळ्यात चांगला अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा, हजारो वर्षं तिथूनच येतोय. पूर्वी चित्रकार हाच दगड दळून अल्ट्रामरीन निळा रंग काढायचे, १८२८ च्या सुमारास तो रंग कारखान्यात करता यायला लागला. म्हणजे आपण नशीबवान, रंगाच्या दुकानात अल्ट्रामरीन पावडर मागितली की आपल्याला लाजवर्दाचाच निळा मिळतो, दुसरा कुठलाही निळा घेऊ नका, थॅलो ब्लू तर अजिबात नको, तो हिरवटाकडे झुकतो. पण नुसता एक निळा ओतला की पुन्हा बटण. लाजवर्द हा एक खनिज नाहीये, तीनचार खनिजांची खिचडी आहे, निळं लॅझुराइट, पांढरं कॅल्साइट, पिवळं चमकणारं पायराइट. तर तीन कप करा, एकात साधा अल्ट्रामरीन, दुसऱ्यात त्यात कणभर काळा आणि जांभळा, तिसऱ्यात थोडा पांढरा. तिन्ही वेगवेगळे तीनचार मिलिमीटरच्या पातळ चादरीसारखे ओता. पनीरसारखे झाले, म्हणजे वाकतात पण चिकटत नाहीत, की हाताने तुकडे करा. कात्रीने नाही हं, हाताने, कडा फाटक्या यायला पाहिजेत. मोठे छोटे सगळे तुकडे साच्यात दाबून बसवा, मधे पांढऱ्याचा थोडा चुरा, आणि मग पातळ गडद निळं रेझिन सगळ्या फटींमधे जाईल असं ओता.

सोन्याच्या ठिपक्यांसाठी लोक ग्लिटर घालतात आणि तिथे सगळं बिघडतं. ग्लिटर म्हणजे कापलेले षट्कोनी तुकडे, भिंगाशिवाय सुद्धा कळतात, आणि सगळीकडे सारखे पसरतात. पायराइट झुपक्याने असतं, एका कोपऱ्यात दाट, बाकी ठिकाणी एखादा कण, आणि त्याचा रंग सोन्यापेक्षा फिका, पितळेसारखा असतो. तर पितळच घाला की! किल्ल्या बनवणाऱ्याकडे जा, त्याच्या मशीनखाली पितळेचा कीस पडलेला असतो, मागितला तर बरेच जण फुकट देतात. घरी आणून लोहचुंबक फिरवा म्हणजे लोखंडाचा कीस निघून जाईल (तो राहिला तर पुढेमागे गंजाचे डाग येऊ शकतात), थिनरने धुवून तेल काढा, वाळवा, चहाच्या गाळणीने चाळा. चिमटीने एका जागी टाका, थोडा शिरेसारखा ओढा. माझ्याकडे एक सोनार आले होते त्यांनी माझं लाजवर्दाचं पेंडंट भिंगाखाली धरलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग नखाने टोकरून बघितलं आणि हसले.

आणि आता महत्त्वाचं, साच्यातून निघालेला पीस म्हणजे तयार खडा नव्हे. साच्याला लागून जो थर असतो तो नुसती साय असते, सगळे तुकडे त्याच्या आत असतात. वरून जवळजवळ एक मिलिमीटर घासून काढायचा, तेव्हा तुकडे आडवे कापले जातात आणि खरं चित्र बाहेर येतं. हे न केल्यामुळे निम्म्या लोकांचे पीस प्लास्टिक दिसतात. चकचकीत साचा आणा म्हणजे घासावं लागणार नाही असं सगळे सांगतात, कीचेनसाठी ठीक आहे, खड्यासाठी उलटं आहे.

पेरोज असाच, फक्त तुकडे मोठे ठेवा आणि मधे ओतायचं रेझिन काळपट तपकिरी. खऱ्या पेरोजात जे जाळं दिसतं ते ज्या मूळ खडकात तो बनतो त्याचे अवशेष असतात, त्यामुळे रेघा कुठे केसासारख्या तर कुठे एकदम जाड डबक्यासारख्या. ब्रशने काढलेली जाळी लगेच ओळखू येते, सारख्या जाडीची असते ना. बाजारात पेरोज म्हणून रंगवलेला हाऊलाइट भरपूर विकतात, त्यात करड्या रेघा असतात, तो नमुना म्हणून समोर ठेवू नका, नकलेची नक्कल होईल.

पेरोजाला काचेसारखी चकाकी देऊ नका. त्याची चकाकी मेणासारखी असते, १००० च्या पेपरवर थांबा आणि थोडं मेण लावून कापडाने चोळा. लाजवर्द २००० पर्यंत न्या. अकीक पार आरसा होईपर्यंत. प्रत्येक दगडाची चकाकी वेगळी असते आणि आपण सगळ्यांवर तोच चमकदार थर ओततो.

वजन. हा तुमच्या यादीत नव्हता पण गिऱ्हाईक हातात घेतं तेव्हा पहिलं हेच कळतं. रेझिनची घनता १.१ ते १.२, अकीकाची २.६, पेरोज आणि लाजवर्द २.७ च्या आसपास. म्हणजे तेवढाच खडा निम्म्याहून हलका. अपारदर्शक खड्यांमधे बॅराइट्स पावडर घाला, रंगवाल्यांकडे फिलर म्हणून मिळते, तिची घनता ४.५ आहे, निम्मं वजन बॅराइट्स आणि निम्मं रेझिन घेतलं तर हिशोबाने घनता १.८ पर्यंत जाते, कानातल्यासाठी तेवढं पुष्कळ झालं. अकीकासारख्या अर्धपारदर्शक खड्यात क्वार्ट्झ पावडर घाला, तिचा अपवर्तनांक १.५५ च्या जवळ म्हणजे रेझिनच्या शेजारीच, त्यामुळे ती आत बरीचशी अदृश्य होते आणि वजन मात्र वाढतं. मी सुरुवातीला पांढरी रांगोळी घालून बघितली होती, दाणा जाड निघाला आणि घासताना खड्डे पडायला लागले. पावडर बारीक पाहिजे, आधी रेझिनच्या भागात कालवून दहा मिनिटं ठेवा, बुडबुडे वर येऊ दे, मग हार्डनर (रेझिन घट्ट करणारा दुसरा भाग). आणि या सगळ्या पावडरी कोरड्या असताना मास्कशिवाय डबा सुद्धा उघडू नका, क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

स्पर्शाला दगड थंड लागतो, रेझिन लागत नाही. यावर उपाय नाही, फक्त मागे धातूची पूर्ण बैठक असेल तर थोडा फरक पडतो.

अंबर मात्र असा एकच आहे जिथे रेझिन हरत नाही. अंबर म्हणजे झाडाचाच डिंकासारखा चीक, कोट्यवधी वर्षं पुरून राहिलेला, म्हणजे तोही रेझिनच. घनता १.०५ ते १.१, हाताला उबदार, हलका. संस्कृतात त्याला तृणमणी म्हणतात कारण घासला की गवताची काडी ओढून घेतो, आता गंमत अशी की आपलं रेझिन लोकरीवर घासलं तर तेही कागदाचे कपटे ओढतं. सुरतजवळच्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत ५ कोटी वर्षांहून जुना अंबर सापडला, आत किडे, माश्या जशाच्या तशा, २०१० मधे त्यावर संशोधन प्रसिद्ध झालं, मला ते वाचून फार भारी वाटलं होतं की आपल्या इतक्या जवळ आहे हे. करायचा असेल तर अल्कोहोल इंकचा पिवळा आणि त्यात टूथपिकच्या टोकाएवढा तपकिरी, तीन वेगवेगळे मधाचे रंग करून जेल व्हायच्या थोडं आधी एकमेकांत सोडा, ढवळू नका. एखाददुसरा बुडबुडा राहू दे, अंबरात असतात. हळद मात्र घालू नका, पहिल्या दिवशी सुंदर मध दिसतो आणि उजेडात महिन्याभरात उडून जातो, माझे आठ मण्यांचे सर असे गेलेत. आणि त्यात घालायला म्हणून किडे मारू नका कुणी, वाळलेल्या गवताचं तूस, सालीचा तुकडा पुष्कळ होतो.

चंद्रकांताचा निळा उजेड आतल्या दोन फेल्स्पारच्या अतिशय पातळ थरांमुळे येतो. त्यासाठी इंटरफेरन्स ब्लू नावाची मायका (अभ्रक) पावडर मिळते, दहा ग्रॅम रेझिनला टूथपिकच्या टोकावर राहील इतकीच घ्या, जास्त झाली की नेलपॉलिश. मायकाचे कण चपटे असतात, हळूहळू तळाशी आडवे बसतात, ते आपल्याला हवंच आहे, म्हणून ओतल्यावर साचा हलवू नका. वाळल्यावर पाठीला पातळ राखाडी थर द्या म्हणजे निळा उठून दिसतो. टायगर आय ला उलट, सोनेरी तपकिरी मायका घालून रेझिन दाट होत आलं की एकाच दिशेने काडी ओढायची, कण त्या प्रवाहात वळतात आणि पट्टा हलल्यासारखा दिसतो. ओपलसाठी सिलोफेनसारखी रंग बदलणारी फिल्म मिळते, ती चुरगळून, हाताने फाडून, तळाला काळा ठेवून वेगवेगळ्या खोलीवर दोनतीन थरांत टाका, बारीक कापलेले तयार फ्लेक्स टाळा. मॅलाकाइट (हिरव्या पट्ट्यांचा दगड) मी रेझिनमधे करतच नाही, पॉलिमर क्लेमधे त्याच्या रेघा जास्त चांगल्या येतात.

आता कुठलं रेझिन. दोन भागांचं एपॉक्सी कास्टिंग रेझिन, पातळ, सावकाश सेट होणारं, पिवळेपणा रोखणारं. यूव्ही रेझिन (यूव्ही दिव्याखाली घट्ट होणारं) मी फक्त वरचा थर किंवा हुक चिकटवायला वापरते, कारण अपारदर्शक रंग दिव्याचा प्रकाश आत जाऊच देत नाही, वरून कडक आणि आत ओलं राहतं, आणि ते ओलं राहिलेलं नंतर त्वचेला लागतं. माप वजनाने की आकारमानाने ते बाटलीवर बघा, दोन्ही भागांची घनता वेगळी असते म्हणून २:१ आकारमानाचं प्रमाण वजनात २:१ नसतं, चिकट राहणाऱ्या पीसच्या तक्रारी बहुतेक इथूनच येतात. दागिन्याला एका वेळी दहा पंधरा ग्रॅमच लागतं त्यामुळे ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्याच. तीन मिनिटं सावकाश ढवळा, कप बदला, पुन्हा एक मिनिट. रंग एकूण वजनाच्या पाच टक्क्यांच्या वर नको, आणि पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग शक्यतो नकोच.

पावसाळा. नाशिकला ठाण्याइतका त्रास होणार नाही पण जुलै ऑगस्टमधे होईलच. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरशी संयोग करतात आणि वर तेलकट, ढगाळ थर येतो. तो थर घासू नका, आधी कोमट पाणी आणि साबणाने धुवा, वाळवा, मग घासा. साचे रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, पावडरीसुद्धा. मी पावसाळ्यात झाकण लागणाऱ्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यातच पीस सेट करते. थंडीत उलट, बाटलीत साखरेसारखे दाणे येतात, बाटली ५० डिग्रीच्या पाण्यात ठेवली की विरघळतात, टाकून देऊ नका. बुडबुड्यांसाठीही तेच, रेझिनची बाटली कोमट केली की पातळ होतं आणि बुडबुडे स्वतःहून वर येतात. सिलिकॉनच्या साच्यावर लायटर फिरवू नका, साचा जळतो.

घासायला वॉटर पेपर, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पाण्यातच घासायचं, २२० ने आकार, मग ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. एक नंबर गाळला तर आधीच्या नंबरचे ओरखडे पुढे कधीच जात नाहीत. खड्याची पाठ सपाट करा, साच्यात वर जी उभी धार राहते ती पूर्ण काढा, आणि मागच्या कडेला सगळीकडून थोडा उतार द्या, दगड घासणारे कारागीर तसा देतात, बैठकीत नीट बसतो आणि बाजूने बघणाऱ्याला दगड वाटतो. मशीनच्या बफवर जोर देऊ नका, साधं एपॉक्सी ५०-६० डिग्रीलाच मऊ पडायला लागतं. म्हणूनच गिऱ्हाइकालाही सांगा की उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

आता जे कुणी सांगत नाही. ग्लोव्ह नायट्राइलचेच, लेटेक्सचे नाही, आणि वाफेसाठी कार्ट्रिज असलेला मास्क, कापडी नाही. हार्डनरमधल्या अमाइनमुळे ॲलर्जी होऊ शकते आणि ती एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. मी तिसऱ्या वर्षी एका मोठ्या ऑर्डरच्या घाईत पंधरा दिवस ग्लोव्हशिवाय काम केलं, हात फुटले, पापण्या सुजल्या, डॉक्टरांनी सांगितलं आता याच्याशी तुमचं जन्माचं वैर. आजही एक थेंब मनगटाला लागला तर दोन दिवस खाज असते. लागलंच तर थिनर, स्पिरिट याने पुसू नका, त्याने ते जास्त आत जातं, कोरड्या कागदाने टिपा आणि भरपूर साबणाने धुवा. स्वयंपाकघरात करू नका, तिथली वाटी, चमचा, ओव्हन काही वापरू नका. घरात लहान मूल असेल तर वेगळी बंद होणारी खोली मिळेपर्यंत थांबा ताई, खरंच सांगते.

विकायचं म्हणाल तर बेशक विका, फक्त नाव खरं लिहा. माझ्या टॅगवर असतं "रेझिन, हाताने केलेलं, लाजवर्दासारखं". कृत्रिम रत्न असं लिहू नका, तो वेगळा प्रकार आहे, प्रयोगशाळेत बनवलेलं माणिक रासायनिकदृष्ट्या माणिकच असतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बनतंय, आपलं तसं नाही, आपली नक्कल आहे. एकदा प्रदर्शनात एका काकूंनी माझं पोवळ्यासारखं दिसणारं अंगठीतलं काम उचललं, मुलाच्या मंगळासाठी हवं होतं त्यांना, पैसे काढले सुद्धा. मी सांगितलं काकू हे रेझिन आहे. त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी ठेवून दिलं. तेव्हा टॅगवर मी नुसतंच "पोवळं रंग" असं लिहायचे, म्हणजे चूक माझीच होती, त्या दिवसापासून रेझिन हा शब्द पहिला आणि मोठा. विक्री त्याने कमी झालेली नाही, जे मुद्दाम रेझिन बघायला येतात ते जास्त वेळ थांबतात आणि कसं केलं हे विचारतात.

सामानासाठी मुंबईत आलात तर भुलेश्वर, बैठकी, हुक, कड्या सगळं तिथे, पुण्यात बोहरी आळी. साच्यांचे माप १३ बाय १८ आणि १८ बाय २५ मिलिमीटर घ्या, तयार बैठकी याच मापात सहज मिळतात.

सुरुवात लाजवर्दापासून करा, अकीक नंतर, चंद्रकांत त्यानंतर. एका वेळी सहा खडे करा म्हणजे त्यातले दोन तरी चांगले निघतील. भोक पाडायचं असेल तर हाताने फिरवायच्या ड्रिलने, एक मिलिमीटरच्या बिटने, आणि पीस सात दिवस तसाच ठेवल्यानंतर, आधी पाडलं तर भोकाच्या कडा दुधाळ होतात. कानातलं गळ्यातलं घालायला द्यायचं ते सुद्धा सात दिवसांनीच, पूर्ण सेट न झालेलं रेझिन कातडीला लावून ठेवणं बरं नाही. पहिला लाजवर्द घासून झाला की ओला करून खिडकीच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको, आणि पितळेचे ठिपके जास्त झाले असं वाटलं तर ते झालेलेच असतात, पुढच्या वेळी निम्मे करा.